सात तासांचा दिवस : हिवाळ्यातील कोपनहेगन

परदेशप्रवासाला निघताना आपण पैशांचा हिशेब करतो, सामानाचे वजन पाहतो, औषधांच्या गोळ्या दिवसांगणिक मोजून घेतो. वाचकहो, डिसेंबरात कोपनहेगनला जायचे असेल तर आणखी एका गोष्टीचा हिशेब करावा लागतो. ती गोष्ट म्हणजे उजेड.

डेन्मार्कची ही राजधानी सुमारे ५५.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे सूर्य सकाळी साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतोही. म्हणजे दिवस उणापुरा सात तासांचा. त्याच दिवशी मुंबई-पुण्यात सुमारे अकरा तास सूर्य असतो. शिवाय या सात तासांतही तो डोक्यावर येत नाही. ऐन माध्यान्ही क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर चढतो आणि लाजल्यासारखा पुन्हा खाली उतरू लागतो.

मग अशा वेळी तेथे जावेच कशाला, असे आपण विचाराल. आमची लेक, जावई आणि साडेतीन वर्षांची नात तेथे राहतात. नोव्हेंबर लागला तसा लेकीचा फोनवरचा आवाज उतरत गेला. पोटभर झोपूनही थकवा, गोड खाण्याची सारखी वासना, कशातच रस नाही. "आई, इथे दुपारीच रात्र होते गं," एवढेच ती म्हणे. आईच्या मनाला तेवढे पुरे होते. आम्ही दोघे निघालो. सहलीचे नाव होते, कारण दुसरेच होते. त्या मुक्कामातील एका दिवसाची ही हकिगत. तिच्यातून तो दिवस कसा घालवावा हे आपल्याला कळेल आणि उजेडाविषयी मला जे उमगले तेही सांगता येईल.

धक्क्यावरची सकाळ

डॅनिश भाषेतले या शहराचे नाव कोबेनहाउन, म्हणजे 'व्यापाऱ्यांचे बंदर'. येथे बंदर गावाच्या कडेला नाही, ते गावाच्या मधून जाते. जावयांनी आदल्या रात्री सात ठिकाणांची यादी केली होती. पैकी पहिले ठिकाण त्यांच्या घराजवळचेच, 'इस्लान्स ब्रुगे' या धक्क्यावरचे पोहण्याचे कुंड. नऊच्या सुमारास आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा आभाळ राखाडी होते, तपमान तीन अंश आणि वारा बोचरा. तशातही काही स्त्री-पुरुष शांतपणे शिडी उतरून पाण्यात गेले, क्षणभर थांबले आणि वर आले. चेहरे लालबुंद आणि प्रसन्न.

या कुंडाची कथा आरोग्याच्या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास सांडपाणी आणि कारखान्यांची घाण यांमुळे हे बंदर पोहण्यास बंद झाले होते. पुढे नगरपालिकेने सांडपाण्याची व्यवस्था नव्याने उभारली, पावसाचे जादा पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या. अखेर २००२ साली बंदरातच पोहण्याचे पहिले कुंड उघडले. आज मुले आणि म्हातारी माणसे तेथे डुंबतात. मुळा-मुठेच्या काठी आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात हे पाहताना काय येत असेल, ते मी निराळे सांगायला नको.

मात्र एक विनंती आहे. हिवाळी स्नानाचे अनुकरण उत्साहाच्या भरात करू नका. गार पाण्यात शिरताच श्वास एकदम कोंडतो, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. ही माणसे शरद ऋतूपासून दर आठवड्याला थोडे थोडे करून शरीराला सवय लावतात आणि एकटी कधी उतरत नाहीत. रक्तदाबाचा वा हृदयाचा त्रास असणाऱ्याने काठावरूनच कौतुक करावे. आमच्या ह्यांनी तेच केले.

सावलीची बाजू, उन्हाची बाजू

बंदरात पिवळ्या रंगाच्या बोटी चालतात. त्या शहराच्या बससेवेचाच भाग आहेत, नेहमीचेच तिकीट त्यांना चालते. २०२० पासून त्या विजेवर धावतात, त्यामुळे धूर नाही, घरघर नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी आणि बाबागाडीवाल्यांसाठी शहर पाहण्याचा याहून सोपा मार्ग नाही. वाटेत राष्ट्रीय ग्रंथालयाची काळ्या दगडाची आणि काचेची इमारत लागते. १९९९ साली उघडलेल्या या वास्तूला लोक 'काळा हिरा' म्हणतात. तिच्या तिरक्या काचांवर पाण्याचा उजेड हलत असतो.

न्यूहाउनच्या धक्क्यावर उतरावे. नाव 'नवे बंदर' असले तरी हा कालवा १६७० च्या दशकात खोदलेला आहे. कॅलेंडरांवर दिसणारी रंगीत घरांची ओळ ती हीच. पण आपण एक गंमत लक्षात घ्या. कालव्याच्या दोन्ही काठांना येथील लोक निरनिराळ्या नावांनी ओळखतात : दक्षिणेकडे तोंड असलेली उन्हाची बाजू आणि समोरची सावलीची बाजू. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन आयुष्यात तीन वेळा या कालव्याकाठी राहिले. २० क्रमांकाच्या घरात १८३५ साली त्यांच्या पहिल्या परीकथा लिहिल्या गेल्या. ते घर सावलीच्या बाजूला आहे, ६७ क्रमांकाचे मात्र उन्हाच्या.

ढग थोडे विरले होते. बघता बघता सगळी माणसे उन्हाच्या बाजूला गोळा झाली. उपाहारगृहांबाहेरच्या बाकांवर घोंगड्या पांघरून, तोंडे सूर्याकडे करून बसली. एका दारासमोर बाबागाडीत एक तान्हे बाळ गाढ झोपले होते, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. येथे तान्ह्या मुलांना दुपारची झोप उघड्या हवेत देण्याची जुनी रीत आहे. त्याच वेळी बालवाडीची मुले अंगभर एकसंध पोशाख आणि चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून रांगेने जाताना दिसली. थंडी आहे म्हणून घरात, हा विचारच या लोकांच्या मनाला शिवत नाही. थंडी आहे म्हणून योग्य कपडे, असा त्यांचा हिशेब.

जावयांच्या यादीत पुढे राजवाडा होता. माध्यान्ही तेथे पहारा बदलतो तो पाहायचा होता. पण ह्यांचा गुडघा बोलू लागला होता आणि लेक दहा पावले मागे, खिशात हात घालून, गप्प चालत होती. एक ठिकाण गाळायचे ठरले. लहानथोरांचे कुटुंब बरोबर असताना सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी दिवस आखावा, हे पथ्य परदेशात तर फारच जपावे. वाटेत जेथे दगड ओले व चकाकते दिसतात, तेथे पाऊल सपाट टाकावे, पावले लहान ठेवावीत आणि हात खिशाबाहेर असावेत. उतारवयात थंडीपेक्षा घसरून पडण्याचे भय मोठे असते.

मनोऱ्यावरचे माध्यान्ह

न्यूहाउनपासून सुमारे एक किलोमीटरवर गोल मनोरा आहे. राजा चौथा ख्रिश्चन याने तो बांधला आणि १६४२ साली तो पूर्ण झाला. तीसपस्तीस मीटर उंचीचा हा मनोरा चढायचा म्हणताच ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण आत पायऱ्याच नाहीत! विटांची रुंद, सौम्य चढाची वाट मधल्या खांबाभोवती साडेसात वळसे घेत वर जाते. तिची लांबी २०९ मीटर. पूर्वी ग्रंथ आणि जड उपकरणे या वाटेने वर नेत असत. रशियाचा झार पीटर १७१६ साली घोड्यावर बसून येथून वर गेला, असे सांगतात. अगदी शेवटी तेवढा एक अरुंद जिना आहे.

नात पुढे धावत होती आणि आजोबा मागे. वर पोहोचेपर्यंत ह्यांना घाम फुटला. पुण्याहून निघताना मोठ्या काळजीने अंगात घातलेली दोन सुती बनियने ओलीचिंब झाली आणि वरच्या सज्जावर वारा लागताच हे कुडकुडू लागले. चूक आमची होती. थंडीत घातक असते ती ओल. सुती कापड घाम धरून ठेवते आणि अंगातली ऊब ओढून घेते. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर ऊबदार थर, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट, आणि चढ लागला की घाम येण्यापूर्वीच एक थर उतरवणे, हा येथील साधा नियम आहे. जावयांनी ह्यांना खाली आडोशाला नेऊन आपला कोरडा लोकरी सदरा घालायला दिला, तेव्हा कुठे दात वाजायचे थांबले.

सज्जावर आम्ही तिघी उरलो. बारा वाजून गेले होते, म्हणजे ऐन माध्यान्ह. लाल कौलांची छपरे, चर्चचे मनोरे आणि पलीकडे बंदराचे पाणी. ऊन होते, पण आपल्याकडच्या सूर्यास्ताच्या वेळेसारखे, पिवळे आणि आडवे. नात आपली सावली मोजत होती. सूर्य अकरा अंशांवर असला की सावली उंचीच्या पाचपट पडते. त्या दिवशी पुण्यात भरदुपारी ती जवळजवळ आपल्या उंचीएवढीच असते.

ही सावली मोठी शिक्षिका आहे. तिच्यामुळे सूर्यप्रकाशाची दोन निरनिराळी कामे समजतात. पहिले काम त्वचेवर होते. उन्हातील विशिष्ट अतिनील किरणांमुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. सूर्य फार खाली असला की हे किरण वातावरणातच शोषले जातात. सावली आपल्या उंचीपेक्षा बरीच लांब असेल, तर 'ड' जीवनसत्त्व फारसे मिळत नाही, अशी सोपी खूण आहे. म्हणून डेन्मार्कच्या हिवाळ्यात कितीही वेळ उन्हात बसले तरी ते मिळत नाही. तेथील आरोग्य खाते लहान मुलांना चार वर्षांपर्यंत त्याचे थेंब देण्याची शिफारस करते. आमच्या नातीलाही ते रोज मिळतात.

दुसरे काम डोळ्यांवाटे होते. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत की ज्या प्रकाशाची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देतात. सकाळी पुरेसा उजेड मिळाला की ते घड्याळ जुळते, झोप-जागेचे चक्र नीट चालते, मनाला उभारी राहते. या कामासाठी प्रखर ऊन लागत नाही. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कैक पटींनी अधिक असतो. कोपनहेगनचा हिवाळा पहिले दान देत नाही, दुसरे मात्र देतो. अट एवढीच की त्यासाठी दाराबाहेर पडावे लागते.

मी हे बोलत असताना लेक कठड्याला टेकून ऐकत होती. मग बोटांवर काही मोजू लागली. "अंधारात ऑफिसला जाते, अंधारात परत येते," ती म्हणाली. "शनिवार-रविवारी थकले म्हणून पडदे ओढून झोपते. आई, गेल्या पाच आठवड्यांत मी दिवसाउजेडी बाहेर पडलेच नाही." हे ती मला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. मी काही बोलले नाही. तिने गळपट्टा सोडला आणि तोंड उन्हाकडे केले.

याच मनोऱ्यावरच्या वेधशाळेचे प्रमुखपद पुढे ओले रोमर या डॅनिश शास्त्रज्ञाकडे होते. प्रकाशालाही पोहोचायला वेळ लागतो, हे त्याने १६७६ साली पॅरिसमध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवून दिले होते. मला त्या क्षणी ते फार दिलासा देणारे वाटले.

उजेडाचा वैद्य

जेवणासाठी जवळच्या तोरवेहालर्ने या काचेच्या बाजारात जावे. राय धान्याचा काळसर, घट्ट पाव येथील रोजच्या जेवणाचा आधार आहे. आपल्या भाकरीसारखाच तो तंतुमय आणि बराच वेळ पोटाला पुरणारा. गरम सूप किंवा ओटची लापशीही मिळते. थंडीत तहान कमी लागते, पण पाणी शरीराला हवेच असते, म्हणून गरम पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. लहान मुलाला थंडी वाजते आहे का हे हातांवरून ठरवू नये, मानेच्या मागे हात लावून पाहावे. मधुमेह्यांनी पायमोजे कोरडे ठेवावेत आणि रात्री पाय नीट पाहावेत. दमेकऱ्यांनी गळपट्टा नाकातोंडावरून घ्यावा.

जेवणानंतर चालकाविना धावणाऱ्या मेट्रोने आम्ही राष्ट्रीय रुग्णालयाच्या परिसरात गेलो. बहुतेक प्रवासी येथे येत नाहीत, आपण मात्र यावे. चौकाजवळ रुडॉल्फ टेग्नर या शिल्पकाराचे १९०९ सालचे शिल्प आहे. वर आभाळाकडे झेपावणाऱ्या मानवी आकृती आणि नाव 'प्रकाशाकडे'. हे स्मारक डॉ. नील्स फिन्सेन यांचे.

फिन्सेन यांचा जन्म १८६० साली फेरो बेटांवर झाला. तरुणपणीच त्यांना एका असाध्य विकाराने गाठले. त्यांचे घर उत्तराभिमुख होते. अशक्तपणाने गळून गेलेल्या या डॉक्टरला वाटू लागले की आपल्याला सूर्य अधिक मिळाला तर बरे वाटेल. त्या आजारी माणसाच्या ओढीतून संशोधन सुरू झाले. त्या काळी क्षयरोगाचा एक प्रकार त्वचेला होई आणि चेहरे विद्रूप करी. असे रुग्ण तोंड लपवून घरात बसत. फिन्सेन यांनी कार्बनच्या विद्युत दिव्याचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून एकवटून त्या जखमांवर सोडला, आणि चेहरे भरून येऊ लागले. १८९६ साली याच शहरात त्यांची प्रकाशोपचार संस्था सुरू झाली. १९०३ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. क्षयरोगावर पुढे प्रभावी औषधे आली आणि तो उपचार मागे पडला, पण प्रकाश हे औषध होऊ शकते हा विचार राहिला.

१९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचे सविस्तर वर्णन केले. अति झोप, गोड-पिठूळ खाण्याची ओढ, वजनवाढ, निरुत्साह अशी त्याची लक्षणे. त्यावर रोज सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स तेजाच्या विशेष दिव्यासमोर बसण्याचा उपचार आज रूढ आहे. मात्र डोळ्यांचे विकार किंवा मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार असल्यास तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर 'हवामानाचा परिणाम' म्हणून ती अंगावर काढू नये.

शिल्पापुढे लेक बराच वेळ उभी होती. तेथून निघताना ती जावयांना म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांची वेळ घेऊ या." इतके दिवस हे वाक्य मला तिच्या तोंडून हवे होते. माझ्या सांगण्याने ते आले नसते.

जलपरी राहिली

तीन वाजले होते. यादीत अजून बंदरावरची प्रसिद्ध जलपरी उरली होती. १९१३ पासून खडकावर बसलेली, जेमतेम सव्वा मीटर उंचीची ती मूर्ती पाहायला नात आतुर होती. पण तिचे डोळे मिटू लागले होते, आजोबा थकले होते आणि उजेड तास-अर्ध्या तासाचा उरला होता. "जलपरी पण आता झोपणार," असे तिला समजावले. थोडे रडणे झाले, मग ती वडिलांच्या खांद्यावर निजली. आम्ही जवळच्या तळ्याकाठच्या बाकावर बसून सूर्य मावळताना पाहिला. लांबट पाण्यावर नारिंगी पट्टा उमटला, हंस त्यातून सरकत गेले आणि पावणेचारला रात्र सुरू झाली. सातपैकी पाच ठिकाणे झाली. मला तरी काही उणे वाटले नाही.

घरी परतल्यावर लेकीने मेणबत्त्या लावल्या. डॅनिश भाषेत मेणबत्तीला 'जिवंत उजेड' असा शब्द आहे. तो पाहण्यास सुंदर असतो, पण बंद घरात त्याचा धूर साचतो, म्हणून मध्ये मध्ये खिडकी उघडावी. मग नाताळातला खास पदार्थ झाला : एब्लेस्किवर. खळग्यांचे लोखंडी पात्र पाहून मी थक्क झाले, कारण ते आपले आप्पेपात्रच! मैदा, ताक, अंडी आणि वेलची घालून केलेले ते गोल आप्पे मुरंब्याबरोबर खातात. लेकीने पहिला घाणा उलटला, तो फसला आणि ती खळखळून हसली. किती दिवसांनी ते हसू ऐकले.

वाचकहो, एका दिवसाने कोणी बरे होत नाही. त्यानंतर डॉक्टर झाले, सकाळचा दिवा आला आणि चालणेही सुरू झाले. मला मात्र परतताना आपल्याच घराचा विचार सतावत होता. आपल्याला अकरा तासांचा दिवस मिळतो आणि आपण पडदे ओढून, वातानुकूलित खोल्यांत बसून त्याला पाठ दाखवतो. भरपूर सूर्य असलेल्या आपल्या देशात 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आढळते, ती उगाच नव्हे. सकाळचा उजेड डोळ्यांसाठी घ्यावा. सावली आखूड होते त्या वेळी हातापायांवर थोडे ऊन घ्यावे, मात्र त्वचा भाजेपर्यंत नव्हे. आणि ते खिडकीच्या काचेआडून घेऊ नये, कारण काच ते उपयुक्त किरण अडवते.

आता रोज दुपारी आमच्याकडे साडेचारला, चहाच्या वेळी, फोन वाजतो. तेव्हा तेथे बारा वाजलेले असतात. जेवणाच्या सुट्टीत लेक बंदराच्या काठाने चालत असते. बोलणे साधेच होते, भाजी काय केली, नात काय म्हणाली. मी ते ऐकते, पण माझे लक्ष तिच्या आवाजामागच्या वाऱ्याकडे असते. तो ऐकू आला की मी निश्चिंत होते.